बिटाचा रंग

१० मार्च २००६
कॅम्प, फोर्ट मॅकमरीच्या वर

सेल्बी,

आणि माझं पत्र दुकानात उभं राहून सगळ्या गावाला वाचून दाखवायची काय गरज होती? व्हीडानं फोनवर सांगितलं मला. नवरा असलास तरी तिला तुझी लाज वाटली. खारवलेल्या मांसाची बादली घ्यायला गेलास, काउंटरला टेकलास आणि म्हणालास, "ऐका रे, आमच्या वेल्डनच्या ढुंगणात अल्बर्टाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घातलाय, आत काय सापडलं ते त्याच्याच शब्दांत ऐका." हेडली हसून हसून बाहेर पायरीवर जाऊन बसला म्हणे. हसा. पण मी ते तुला लिहिलं होतं, हेडलीला नाही. आठवीतून हाकललेल्या माणसाला एक पान लिहायला किती घाम येतो ते तुला तरी कळायला हवं, तू तर सातवीतूनच सुटलास.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन आपटतोस. बाबांना मातीत ठेवल्यापासून हेच चाललंय. मी बोट सोडून पळालो, तुला एकट्याला तिकडे बेटावर खेकड्यांच्या मोसमात टाकून आलो, वगैरे वगैरे. ठीक आहे, पळालो. माझ्या पायांना एका जागी राहवत नाही हे तू मी चालायला लागल्यापासून बघतोयस. ते भांडण आपण पुढे भांडू, ते कुठे जात नाही. हे मात्र थांबणारं नाही.

दुकानात हशा चालू होता, निम्मं तुझ्याही कानावर गेलं नसेल, म्हणून परत सांगतो.

मला तेलाच्या दुसऱ्या साइटवर घेणार होते, त्याआधी तपासणी. नर्सनं बोट टोचलं, कागद बघितला आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या अंगात रक्त आहे का चहा?" मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही सारखंच धरतात. ती हसली नाही. शिडी चढताना धाप लागते का? लागते. मी म्हटलं थंडीनं. ती म्हणाली, थंडीनं रक्त कमी होत नाही, ते कुठून तरी जातंय. मग मोठ्या डॉक्टरकडे, दुर्बिणीच्या तपासणीला.

आदल्या दिवशी एक घागरभर औषध प्यायचं असतं. समुद्राच्या पाण्यात लिंबू पिळल्यासारखं. आतडी धुऊन निघतात. कॅम्पात दोन खोल्यांत मिळून एक संडास, पलीकडच्या खोलीत रॉडी, केप ब्रेटनचा. पहिला तास त्यानं दारावर थापा मारल्या, "अरे ए, आत बोट बांधतोयस का?" दुसऱ्या तासाला म्हणाला, "वेल्डन, जिवंत आहेस का ते तरी सांग." मग बिचारा दुसऱ्या इमारतीत गेला आणि येताना माझ्यासाठी पिवळी जेली घेऊन आला. लाल चालत नाही. लाल खाल्लं की आतमध्ये रक्त कुठलं आणि जेली कुठली ते डॉक्टरांना कळत नाही.

एक कोंब सापडला. मांसाचा. अंगठ्याच्या पेराएवढा, देठावर उभा. डॉक्टरीणबाईंनी तारेचा फास टाकून तिथल्या तिथे कापला. झालं. माझं काम संपलं, मी ठणठणीत आहे. माझ्यासाठी हे लिहीतच नाहीये.

त्यांनी विचारलं घरी कुणाला होतं का. मी म्हटलं, आमच्या घराण्याला पोटच वाईट दिलंय. बाबा गेले तेव्हा अठ्ठेचाळीसचे. आजोबा त्याहून आधी. आजोबांचे दोघं भाऊही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ आहे का तुला?"

सेल्बी, तू तपासून घे. एवढंच.

वेल्डन

२० मार्च
एडमंटन

सेल्बी,

पत्त्यावर एडमंटन बघून व्हीडा विचारेल. कंपनीनं शिकायला पाठवलंय, दोरखंडाला लटकून करायच्या कामाचं. तिला तसंच सांग.

तो कापलेला कोंब त्यांनी काचेवर पातळ चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्याचं काय निघालं ते डॉ. लिस्यूकनी मला बोलावून सांगितलं. लिस्यूकबाई म्हणजे त्याच, कोंब कापणाऱ्या. बुटक्या, आपल्या एफी आत्याएवढ्या, आणि बोलतातही तशाच, उगाच गोड नाही. त्यांना म्हटलं, मला शाळा नाही, मला सांगून काय उपयोग. त्या म्हणाल्या, "तू आयुष्यभर माशांची आतडी काढलीस ना? मग बहुतेकांपेक्षा तुला लवकर कळेल."

मला कळलं ते तुला सांगतो.

आपल्या आतड्याला आतून अस्तर असतं. गुलाबी, ओलं, कॉड माशाच्या गालाच्या आतल्या बाजूसारखं. डोळ्याला सपाट दिसतं, पण काचेखाली बघितलं तर सगळ्या बारीक बारीक विहिरी. लाखो. प्रत्येक विहिरीच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात. फक्त तळाशीच. जन्मल्या की भिंत धरून वर चढायला लागतात, चढता चढता कामाला लागतात, काठावर पोचल्या की म्हाताऱ्या होऊन गळून पडतात. आठवड्याच्या आत सगळा खेळ. जन्म खाली, मरण वर. मी म्हटलं, हे तर कॅम्पच आहे. बस भरून नवी पोरं येतात, पाळी करतात, विमानात बसून घरी जातात, त्यांचे पलंग दुसऱ्यांना. बाई म्हणाल्या, बरोबर. आता समज, पाळी संपलेली माणसं घरी जायचंच नाही म्हणाली. वरच राहिली. आणि वर राहून तिथेच त्यांना पोरं व्हायला लागली. खालून बसेस येतच आहेत. काय होईल?

मी म्हटलं, गर्दी.

ती गर्दी म्हणजे कोंब. कुणी बाहेरून येत नाही, सेल्बी. कीड नाही, विष नाही. आपलीच माणसं, कुठे थांबायचं ते विसरलेली.

आणि त्या गर्दीच्याही तऱ्हा असतात. काही कोंबांत त्या विहिरी नुसत्या दाटीनं, नळ्यांसारख्या एकमेकींना खेटून वाढतात. ते त्यातल्या त्यात बरे. काहींत बोटं फुटतात, लांब लांब, धक्क्याच्या खांबावर शेवाळ हलतं ना, तशी. ते वाईट. बोटं जितकी जास्त तितकं वाईट. माझ्यात बोटं निघाली. कागदावर लिहिलंय, कर्करोग नव्हे, पण त्याच्या दारात. बाईंनी बोटानं कागदावर रेघ मारून दाखवली, "इथपर्यंत आला होता. याच्यापुढे गेला असता तर आपण वेगळं बोलत असतो."

मी विचारलं, किती वेळ लागतो पुढे जायला. साध्या माणसांत दहा वर्षं म्हणाल्या. तुमच्या घराण्यात बिघाड रक्तातून येत असेल, आणि त्यांना तशी बरीच शंका आहे, तर एकदोन वर्षांतही जातो. बापाकडून पोराला निम्मी निम्मी शक्यता. तो बिघाड माझ्यात आहे का ते रक्तातून बघतायत. तुझ्यात कोंब आहे का ते तुझ्या आतच बघावं लागेल.

तू एकतीसचा आहेस. तुला दोन पोरी आहेत.

हे सांगितल्यापासून मला बसवत नाही. चालत राहतो. जेवणाच्या रांगेत उभा राहतो आणि ताट न घेता निघून येतो. पोटावर हात जातो, आत काही हलतंय का बघायला, आणि बाई म्हणाल्या होत्या काही कळत नाही, दुखत नाही, तेच तर. न दुखणाऱ्या गोष्टीची इतकी भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. समुद्रात वारा फिरला की मान वळते, कान सांगतात. इथे काहीच सांगत नाही.

आता खरं विचारतो. व्हीडा मला म्हणाली की महिनाभर संडासात पाणी लाल दिसतं. तिनं तुला विचारलं तर तू म्हणालास, बीट आहे, रविवारी चर्चमधल्या जेवणाचं ताट आणलं होतं.

सेल्बी, बाबाही हेच म्हणायचे. तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. बायकांच्या मंडळाची थंड ताटं, प्रत्येक घरात दोन दोन, बीट घातलेला गुलाबी बटाटा, आत्याच्या मुरलेल्या बिटाच्या बरण्या. बाबा म्हणायचे, "आमच्या एफीनं मला आतून रंगवून काढलंय, बाहेरून तेवढा राहिलोय." आपण हसायचो. साऱ्या गावात पाणी लाल दिसतं थंडीभर, कुणी काही मनात आणत नाही. शेवटी शेवटी बाबांच्या तोंडात पाण्याचा चमचाही जात नव्हता, बीट कुठलं, आणि तरी लाल होतं. चादर तूच धुतलीस.

साधी गोष्ट सांगतो. आठवडाभर बीट खाऊ नकोस. मग बघ. पाणी साफ निघालं तर मला हवं तर दुकानात नाव घेऊन शिव्या दे, मी फोनवर ऐकतो.

वेल्डन

२९ मार्च
एडमंटन

सेल्बी,

काल व्हीडाशी बोललो. ती शेडमधून बोलत होती, तू घरात होतास म्हणून.

मी विचारलं, बीट बंद केलं का त्यानं.

ती म्हणाली, "वेल्डन, बंद कुठलं, रोज खातात. सकाळी अंड्याबरोबर. रात्री मटणाबरोबर. एफी आत्याकडून पेटीभर बरण्या उचलून आणल्या. काल पोरींच्या ताटातलं उरलेलंही खाल्लं. रस सुद्धा पितात, बरणी तोंडाला लावून."

मी म्हटलं, सेल्बी? ज्याला बीट बघितलं की ओकारी येते तो? लहानपणी टेबलाखाली कुत्र्याला द्यायचा, आणि कुत्राही खायचा नाही?

"तोच," ती म्हणाली. "मी म्हटलं कशाला खाता, आवडत नाही ना. तर म्हणाले, गप, आता आवडतं."

मग ती रडायला लागली आणि मी तिथे, त्या फोनच्या खोक्यापाशी, मागे माणसं रांगेत उभी.

आधी राग आला. वाटलं माझ्यावर सूड उगवतोय, मी सांगितलं बंद कर म्हणून मुद्दाम. पत्र फाडावं असं वाटलं, तुझं नाव लिहिलेलं सगळं फाडावं. नदीपर्यंत चालत गेलो, बर्फ अजून आहे कडेला. तिथे उभा राहिलो तेव्हा डोक्यात उजेड पडला.

तुला माहीत आहे.

तू थांबवून बघितलंस. माझ्या पत्राच्याही आधी. चार दिवस, आठ दिवस, किती ते मला माहीत नाही. बीट थांबवलंस आणि लाल थांबलं नाही. म्हणून आता रोज खातोयस, म्हणजे विचारणाऱ्याला सांगायला कारण राहील. व्हीडाला, आत्याला, आणि सकाळी खाली बघताना स्वतःला. ओकारी दाबून बरणीतला रस पितोस, कारण ओकारीपेक्षा ते दुसरं जास्त भयंकर आहे.

मी तुला भेकड म्हणत नाही. वाचताना व्हीडा समोर असेल तर हे पुढचं तिला दाखवू नकोस.

मी शिकायला आलेलो नाही इथे. दोरखंड बिरखंड काही नाही.

त्या दिवशी एकच कोंब सापडला हे खोटं. दुसरा आहे. उजव्या बाजूला, अगदी टोकाला, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. हा देठावर उभा नाही. सपाट आहे, घडीच्या मागे, भिजलेल्या कागदासारखा चिकटून पसरलेला. फास टाकायला काही हाताशीच येत नाही. बाईंनी फोटो दाखवला तेव्हा मला तो दिसलाच नाही. त्यांनी पेन्सिलीनं कडा दाखवली, मग दिसला, आणि एकदा दिसल्यावर नजर हलेना. जे उभे राहतात ते निदान दिसतात, त्या म्हणाल्या, आमच्या झोपेचं खोबरं करतात ते हे पडून राहणारे. चिमटा घेऊन तुकडा काढला, त्यात पेशी वाकड्यातिकड्या, खालचं वरचं काही ओळखू येत नाही अशा. त्यांच्या मते आत खोल गेला असेल किंवा नसेल. कापून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आतड्याची ती बाजूच काढणार.

आणि रक्ताचंही आलं. बिघाड आहे. म्हणजे बाबांकडूनच.

मी तुला आधी लिहिलं नाही, कारण एक कोंब काढला आणि बरा झाला अशी गोष्ट सांगितली तर तू जाशील असं वाटलं. खरी गोष्ट ऐकलीस तर अजून बरण्या आणशील. आता तू आणतोच आहेस, मग लपवून काय करू.

सेल्बी, मला फार भीती वाटते. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, रॉडीलाही नाही. ज्या खोलीत मला झोपवलंय तिथे शेजारचा म्हातारा दिवसभर टीव्ही लावतो, गाड्यांच्या शर्यती, मला बरं वाटतं त्या आवाजानं. आवाज थांबला की मला वाटतं ते चढतायत. तळापासून. आत्ता, हे लिहितोय तेव्हा. आणि तुझ्यातही, तू हे वाचतोयस तेव्हा. तिथे बसून बरणी उघडतोयस आणि आत कुणीतरी घरी जायचं नाही म्हणतंय.

बाबांनी वर्षभर बिटाचं कारण पुढे केलं. वर्ष त्यांच्याकडे होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तुझ्याकडे किती आहे, तुलाही माहीत नाही.

वेल्डन

४ एप्रिल
एडमंटन

सेल्बी,

उद्या सकाळी मला आत नेणार. परत तीच घागर प्यालो. इथे संडास माझा एकट्याचा, दारावर थापा मारायला कुणी नाही. रॉडी पाच तास गाडी चालवून आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "तुला कापणाऱ्यांना सांगितलंय, आत खेकडा सापडला तर अर्धा माझा." मग टोपी फिरवत बसला, गेला.

डॉ. लिस्यूकनी त्यांच्याकडून सेंट जॉन्सच्या इस्पितळाला पत्र धाडलं. घराण्याचं कारण असल्यामुळे तुला रांगेत पुढे घेतलंय. व्हीडाला तिकडून फोन आला: मंगळवार, १८ एप्रिल, सकाळी नऊ. तिनं तुला सांगितलं. तू म्हणालास, "त्याच आठवड्यात खेकड्याचा मोसम उघडतोय. बोटीत दोनच माणसं, एक मी. जून संपला की बघू."

मला तुझं हे खरं वाटतं. मोसमाचा पहिला आठवडा बोट धक्क्याला ठेवली तर पाटी भरत नाही, भाव पडतो, हप्ता राहतो, हे काय मला शिकवायचं? आपल्या घरात माणूस मोसम संपल्यावरच आजारी पडतो. बाबा पावसाळी ऑक्टोबरात डॉक्टरकडे गेले, बोट वर ओढून, ताडपत्री बांधून, दोर मोजून. डॉक्टर म्हणाला एप्रिलमध्ये यायला हवं होतं. एप्रिलमध्ये ते खेकड्यावर होते, आणि मी त्यांच्याबरोबर होतो, आणि तूही.

म्हणून मी हेडलीला फोन केला.

तोच, पायरीवर बसून हसणारा. त्याची स्वतःची बोट यंदा दुरुस्तीला आहे, तो रिकामाच. मी म्हटलं, सेल्बीच्या जागी पहिला आठवडा जाशील का. म्हणाला, "सेल्बीला काय झालंय?" मी म्हटलं, जे बाबांना झालं होतं ते झालंय का ते बघायचंय. मग म्हणाला, "त्या दिवशी दुकानात मी हसलो रे." मी म्हटलं, सगळेच हसले. तो म्हणाला, "जातो. पण हिस्सा घेणार नाही, मोसमाचा पहिला हिस्सा बोटवाल्याचाच. रोजंदारी दे, झालं." असा तो आहे. सोमवारी, ईस्टर झाला की, बोटीवर हजर असेल. तू त्याला परत पाठवलंस तर तो ऐकणार नाही, मी सांगून ठेवलंय. व्हीडा गाडी चालवेल, पोरी आत्याकडे राहतील. तू फक्त मागच्या सीटवर बसायचंस आणि सोमवारी ती घागर प्यायची. लाल काही खायचं नाही. हे व्हीडाला माहीत आहे, बरण्या तिनं आत्याकडे परत पोचवल्यात, शिव्या तिला दे, मला दे, देत देत सेंट जॉन्सला पोच.

कोंब असेल तर कापतील, आणि तू शनिवारी बोटीवर असशील. काही नसेल तर मला फोन कर आणि बोलू नकोस, नुसता आपट, मला कळेल.

पैशाचं सांगतो, म्हणजे तू विचारणार नाहीस आले कुठून. इथे कॅम्पात कुणी मेला तर त्याला घरी पोचवायला काय पडतं ते आम्हा बेटावरच्या पोरांना पाठ असतं. विमान, पेटी, पलीकडून गाडी. बाईंनी तो सपाट कोंब दाखवला त्या आठवड्यापासून मी एका पाकिटात पैसे बाजूला टाकत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं, पाकिटावर काही लिहिलंही नव्हतं. मला तिथे, बाबांच्या शेजारी, यायचं होतं, आणि तुझ्यावर त्याचा बोजा नको होता.

आज दुपारी मी पाकीट नर्सला दिलं आणि खालच्या पोस्टातून मनी ऑर्डर काढून आणायला लावली. हेडलीची रोजंदारी, पेट्रोल, सेंट जॉन्सला दोन रात्रींची खोली. उद्या माझं काय होईल ते मला ठाऊक नाही, पण ते पैसे माझ्या पेटीसाठी ठेवून मला झोप लागली नसती. मनी ऑर्डर या पत्रासोबतच आहे. एकवीसशे चाळीस डॉलर.